डफ आणि चिपळ्या: सोलापूरचे रामजोशी



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २७.

काल आपण पान, फूल, फळ आणि पाणी इथपर्यंत आलो होतो. ते सोपं होतं. तुळशीचं पान वाहायला कुणाचीच ना नसते. आज भगवंत एकदम मोठी उडी मारतात. नुसतं फूल नको, तुझं करणं, खाणं, देणं, तप, सगळंच माझ्याकडे दे, असा या श्लोकाचा रोख आहे. सगळंच म्हणजे काय काय? ऑफिसचं काम आलं, स्वयंपाक आला, परीक्षेचा अभ्यास आला. इथपर्यंत आपली मान हलते. पण लावणी? डफावर म्हटलेली, शृंगाराची, जिच्यावर शिट्ट्या पडतात ती लावणी? तीही या 'सगळ्यात' बसते का?

प्रश्न उगाच काढलेला नाही. आपल्या गुरुवारच्या भजनात पेटी वाजवणारा एक मुलगा गेले काही महिने शनिवारी रात्री कॅफेत गातो. प्रेमाची गाणी, हिंदी, इंग्रजी, मध्येच एखादी लावणीसुद्धा. आवाज तोच, जो आपल्याकडे अभंगाला लागतो. घरी यावरून अबोला आहे. आईचं म्हणणं, देवासमोरचा आवाज तिथे नेऊ नये. मुलाचं म्हणणं, आवाज एकच आहे, दोन कुठून आणू? मी दोघांचंही ऐकून घेतलं आणि डोक्यात सारखे रामजोशी यायला लागले. म्हणून आज श्लोकाचा शब्दार्थ थोडक्यात आटपून त्यांचीच गोष्ट सांगतो.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, पेशवाईच्या काळातलं सोलापूर. सिद्धेश्वराचं तळं, शेजारी किल्ला, आणि बाजारात मराठी, कानडी, तेलुगू सगळ्या भाषा एकमेकींत मिसळलेल्या. तिथे जोशांचं घर होतं. पोथ्यापुराणांचं, संस्कृतचं. थोरले बंधू मुद्गल हे विद्वान, पुराण सांगणारे, कथा-कीर्तन करणारे. गावात त्यांना मान. धाकटा राम याच वातावरणात वाढला. कानावर रोज श्लोक, आर्या, आख्यानं पडत होती. आपल्याकडे अमेरिकेतल्या गायकांच्या गोष्टीत चर्चमध्ये वाढलेला मुलगा असतो ना, तसाच हा पोथीच्या पाटाशेजारी वाढलेला मुलगा.

आणि याला नाद लागला तमाशाचा.

इथे थांबून तेव्हाचा तमाशा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातला तमाशा येतो. पेशवाईतला तमाशा म्हणजे डफ, तुणतुणं, मागे सूर धरणारे झीलकरी, आणि पुढे शाहीर. नाचायला पुष्कळदा बाईच्या वेषातला पोरगा असायचा, त्याला नाच्या म्हणत. सुरुवात गणाने, म्हणजे गणपतीच्या नमनाने. मग गवळण, म्हणजे कृष्ण आणि गोपींची थट्टामस्करी. आणि मग लावणी. आता याच्या शेजारी नारदीय कीर्तन ठेवा. बुवा उभे, गळ्यात हार, हातात चिपळ्या, मागे साथ धरणारे. सुरुवात नमनाने. मग पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. एक माणूस दोन-तीन तास उभा राहून गातो, बोलतो, हसवतो, रडवतो आणि समोरच्या शेपाचशे लोकांना जागेवरून हलू देत नाही. म्हणजे बघा, दोन्हीकडे कसब जवळपास एकच लागतं. गळा हवा, पाठांतर हवं, आणि आत्ता या क्षणी समोरच्याला काय हवंय ते ओळखण्याची नजर हवी.

रामकडे हे तिन्ही होतं. सोलापुरातल्या धोंडी नावाच्या शाहिराच्या फडाशी त्याचं नाव जोडलं जातं. आधी ऐकायला जाणं, मग रचना करून देणं, मग स्वतः उभं राहणं, अशा पायऱ्यांनी हा मुलगा तिकडे सरकला. पोथीच्या घरातला पोरगा डफाच्या फडात गेला म्हटल्यावर गावात बोभाटा झाला. आणि थोरल्या भावाने त्याला घराबाहेर काढलं.

मला या ठिकाणी मुद्गलांचा राग येत नाही, पण एक गोष्ट टोचते. आक्षेप नेमका कशाला होता? शृंगाराला म्हणाल, तर याच घरात वाचली जाणारी संस्कृत काव्यं शृंगाराने भरलेली होती. कालिदासाने 'कुमारसंभवा'त शिवपार्वतीचं जे वर्णन केलं आहे, जयदेवाने 'गीतगोविंदा'त राधाकृष्णाचं जे वर्णन केलं आहे, त्याच्यापुढे पुष्कळ लावण्या सोवळ्या वाटतील. ती काव्यं वाचल्याबद्दल कुणाला घराबाहेर काढल्याचं ऐकिवात नाही. लावणी ऐकण्यालाही हरकत नव्हती. पुण्यातले सरदार, सावकार आणि खुद्द पेशवे ती ऐकत होते, बक्षिसं देत होते. हरकत होती ती डफाला हात लावण्याला. चामड्याचं वाद्य, आणि ते वाजवणारे, त्यावर नाचणारे लोक ज्या जातींचे होते त्यांच्या पंक्तीला ब्राह्मणाच्या मुलाने उभं राहण्याला. गाण्यापेक्षा संगतीचा विटाळ जास्त होता. आईवडील आजही मुलांना गाण्याबद्दल बोलतात आणि मनात संगत असते, तसंच काहीसं. फक्त तेव्हा त्याला जातीची धार होती, आणि ती धार फार क्रूर होती.

घराबाहेर पडलेला राम गेला कुठे? पंढरपूरला. इथे गोष्ट रंजक होते.

पंढरपुरात त्या वेळी काशीनाथ उपाध्याय नावाचे थोर विद्वान होते. लोक त्यांना बाबा पाध्ये म्हणत. हे नाव ओळखीचं वाटत नसेल, पण त्यांचा ग्रंथ तुमच्या घरापर्यंत पोचलेला आहे. एकादशी आज करायची की उद्या, श्राद्धाची तिथी कोणती धरायची, ग्रहणात काय पाळायचं, असे प्रश्न आजही गुरुजींना विचारले की ते ज्या ग्रंथाचा आधार घेतात तो 'धर्मसिंधू', १७९० च्या सुमारास पुरा झालेला, तो या बाबा पाध्यांनी लिहिला. म्हणजे धर्माचरणाचं नियमपुस्तक लिहिणारा माणूस. आणि तमाशासाठी घरातून काढलेला मुलगा शिकायला बसला तो यांच्याच पायाशी! व्याकरण, काव्य, अलंकार असं संस्कृतचं पक्कं शिक्षण त्याने पंढरपुरात घेतलं.

मला हा प्रसंग फार आवडतो. घराने जे दार लावलं ते विठोबाच्या गावात, आणि तेही शास्त्राच्या माणसाकडे, उघडलं. सहाव्या अध्यायात योगभ्रष्टाबद्दल आपण वाचलं होतं, आठवतं? मधेच वाट सुटलेल्याचं आधीचं काही वाया जात नाही, तो जिथून सुटला तिथून पुढे लागतो. रामचं बालपणीचं पाठांतर असंच साठून राहिलं होतं. पंढरपूरने त्याला नुसती शिस्त लावली.

तिथून बाहेर पडले ते कीर्तनकार रामजोशी. आता 'तो' म्हणणं बरं नाही, बुवा झाले. हातात चिपळ्या आल्या. फडावर शिकलेली हजरजबाबी, गर्दी ओढून घेण्याची ताकद, तालाची जाण, सगळं त्यांनी कीर्तनात आणलं. आणि इथे त्यांचा संबंध आला तो बारामतीच्या मोरोपंतांशी.

शाळेत मोरोपंतांची 'केकावली' आपण नाइलाजाने वाचली असेल, पण हा माणूस म्हणजे शब्दांचा डोंगर होता. पन्हाळ्याला १७२९ साली जन्म, पुढे बारामतीला नाईकांच्या आश्रयाला. अख्खं महाभारत आर्या वृत्तात लिहून काढलं, रामायणं तर शंभराच्या वर रचली, प्रत्येकात वेगळी करामत. बाबा पाध्यांशी त्यांची सोयरीक होती, त्यामुळे पंढरपूरचा शिष्य बारामतीच्या कवीकडे पोचणं अवघड नव्हतं. मोरोपंतांच्या कवितेची एक अडचण मात्र होती. ती संस्कृतप्रचुर, कसलेली, यमकांनी गच्च भरलेली. डोळ्यांनी वाचायला घेतली की माणूस दमतो. पण हीच आर्या कुणी तालात, खड्या आवाजात, प्रसंग उभा करत म्हणून दाखवली तर? रामजोशींनी ती म्हणून दाखवली. आपल्या कीर्तनांतून त्यांनी मोरोपंतांच्या आर्या गावोगाव नेल्या. पंडितांच्या घरातून ती कविता देवळाच्या मंडपात, बायाबापड्यांच्या कानांपर्यंत पोचली, त्यात या माणसाच्या गळ्याचा वाटा मोठा आहे. पुढे कीर्तनकार आणि मोरोपंतांची आर्या हे समीकरणच झालं, ते आजवर.

आणि हे त्यांना जमलं कशामुळे? माझ्या मते, तमाशामुळे. यमक आणि अनुप्रास हा लावणीचाही श्वास. ज्या माणसाने डफाच्या ठेक्यावर शब्द पाडलेत त्याला आर्येतलं यमक कुठे ठोकायचं हे सांगावं लागत नाही. पोथीच्या घराला ज्या संगतीची लाज वाटली, तिनेच पोथी लोकांपर्यंत नेली.

गोष्ट इथे संपली असती तर ती आपल्याला आवडती चाकोरीतली गोष्ट झाली असती. वाट चुकलेला मुलगा, गुरुकृपा, आणि मग कीर्तन. पण रामजोशींनी आपली सोय बघितली नाही. कीर्तनकार झाल्यावर त्यांचा डफ कायमचा खुंटीला टांगला गेला नाही. ते पुन्हा लावणीकडे गेले. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाचा काळ होता, म्हणजे १७९६ नंतरचा. लावणीला तेव्हा जेवढी मागणी होती तेवढी क्वचितच कधी असेल. रामजोशी पुण्याच्या त्या दुनियेत वावरले, नावाजले. त्यांच्या फडात बया आणि चिमा या दोन कलावंतिणी होत्या असं शाहिरांच्या चरित्रांत सांगतात. आपलं वारजं तेव्हा मुठेकाठचं शहराबाहेरचं खेडं. आज पुलाखालच्या सिग्नलला आपण कानात इयरफोन घालून उभे असतो, आधी भीमसेनांचा अभंग लागतो आणि लगेच पुढे लावणी, कारण प्लेलिस्टला सोवळं-ओवळं कळत नाही. रामजोशींचं डोकं थोडं तसंच होतं म्हणा.

त्यांच्या लावणीत मात्र पंडित लपत नाही. एक उदाहरण देतो. संस्कृत अलंकारशास्त्रात अपन्हुती नावाचा अलंकार आहे, म्हणजे एक गोष्ट नाकारून दुसरी पुढे करणं. त्याचा एक खट्याळ प्रकार छेकापन्हुती. मैत्रिणीला बाई काहीतरी वर्णन करून सांगते, मैत्रिणीला वाटतं ही प्रियकराबद्दल बोलतेय, तसं ती विचारते, आणि बाई झटकन म्हणते की छे, मी भलत्याच गोष्टीबद्दल बोलत होते. हा शास्त्रातला डाव रामजोशींनी लावणीत आणला आणि प्रेक्षकांना तो इतका भावला की ती लावणी छेकापन्हुती याच नावाने ओळखली जाते. फडावर बसलेल्या किती जणांना तो शब्द माहीत असेल? पण हसू तर सगळ्यांना आलं. मराठी, संस्कृत, कानडी, हिंदी अशा भाषा एकाच रचनेत गुंफण्याचा खेळही ते खेळले. सोलापूरच्या बाजारात वाढलेल्या माणसाला ते साधणारच.

आणि याच माणसाची एक रचना जटाधाऱ्यांवर आहे. ट या अक्षराचा असा काही मारा की ऐकताना डफावर बोटं पडल्याचा भास व्हावा. बाहेरून संन्याशाचा थाट करणाऱ्या आणि आत कोरड्या असणाऱ्या माणसाला त्यात ते फैलावर घेतात आणि हरीच्या भक्तीकडे वळायला सांगतात. उपदेश कीर्तनाचा आणि ठसका शाहिराचा. ही रचना कीर्तनकारांनीही उचलली. आता सांगा, ती कुठल्या खात्यात टाकायची? चिपळ्यांच्या की डफाच्या?

आता थोडं समुद्रापलीकडे जाऊया, कारण तुमच्यातले बरेच जण सोल संगीत ऐकता आणि हा तिढा तिकडेही अगदी असाच पडला होता. सॅम कुक हे नाव ऐकलं असेल. १९३१ साली मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलमध्ये जन्म, शिकागोत वाढला, वडील चर्चमध्ये प्रवचन करणारे. १९५० मध्ये, विशीसुद्धा पुरी नव्हती, तो सोल स्टिरर्स या नावाजलेल्या भक्तिगायकांच्या चमूचा मुख्य गायक झाला. चर्चमधल्या बाया त्याच्या आवाजाने भान विसरायच्या. मग १९५६ मध्ये त्याने प्रेमगीताची एक तबकडी काढली, आणि ती स्वतःच्या नावाने नाही, डेल कुक या खोट्या नावाने! चर्चचे श्रोते दुखावतील ही भीती. गंमत म्हणजे ते गाणं त्याच्याच एका भक्तिगीतावर बेतलेलं होतं. देवाच्या जागी प्रेयसी आली एवढंच. नाव बदललं तरी आवाज कसा लपेल? लोकांनी ओळखलाच. पुढच्या वर्षी त्याने स्वतःच्या नावाने प्रेमगीत काढलं, ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि तो चर्चच्या जगातून बाहेर पडला. १९६४ च्या डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या एका मोटेलमध्ये गोळी लागून तो गेला. वय ३३. त्याच महिन्यात, तो गेल्यावर, त्याचं एक गाणं तबकडीवर आलं. काळ्या माणसांच्या हक्कांच्या चळवळीने ते आपलं मानलं. त्या गाण्यात चाल, आळवणी, हुंदका सगळं चर्चचं आहे, विषय मात्र रस्त्यावरचा.

अरेथा फ्रँकलिनचं उलट. तीही धर्मोपदेशकाची मुलगी, डेट्रॉइटच्या चर्चमध्ये गाऊन मोठी झाली, मग सोलची सम्राज्ञी झाली. आणि ऐन यशात, १९७२ मध्ये, लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये जाऊन दोन रात्री नुसती भक्तिगीतं गायली. तो अल्बम तिच्या सगळ्यात जास्त खपलेल्या अल्बमांपैकी एक आहे. म्हणजे दार दोन्ही बाजूंनी उघडतं.

आपल्याकडेही रामजोशींच्या काळातच याच्या बरोबर उलट वाट चाललेला शाहीर होता. संगमनेरचे अनंत फंदी. आडनाव घोलप. मलिक फंदी नावाच्या फकिराशी दोस्ती होती, त्यावरून फंदी हे नाव चिकटलं असं सांगतात. तमाशा गाजवला, लावण्या गाजवल्या. आणि मग, परंपरा सांगते त्याप्रमाणे, अहिल्याबाई होळकरांनी त्यांना समजावलं की ही देणगी तमाशात घालवू नका. फंदींनी ऐकलं. तमाशा सोडला, कीर्तन धरलं. फटका नावाचा उपदेशाचा खणखणीत प्रकार आपल्याला त्यांच्यामुळे ठाऊक झाला. ही गोष्ट आईला सांगायला सोयीची आहे, आणि गुरुवारी मी ती त्या मुलाच्या आईला सांगितलीही. पण अर्धवट सांगून चालणार नव्हतं, म्हणून रामजोशीही सांगितले. ती म्हणाली नाही काही, पण ऐकत होती.

खरं सांगायचं तर मला फंदींचा निर्णय मोठा वाटतो आणि रामजोशींचा प्रामाणिक वाटतो. फंदींनी एक सोडून दुसरं धरलं. रामजोशींनी दोन्ही हातांत दोन्ही धरलं आणि दोन्हीकडच्या लोकांची बोलणी खाल्ली. कीर्तनाच्या श्रोत्यांना त्यांचा डफ खुपणार, आणि फडावरच्या कुणालातरी त्यांचं शास्त्र जड होणार. पण दोन्ही ठिकाणी त्यांनी हलकं काम केलं नाही, हे त्यांच्या रचना बघून कळतं. लावणी लिहायची म्हणून सैल लिहिलं नाही. यमक जेवढं मोरोपंतांच्या आर्येत घट्ट बसतं तेवढंच त्यांच्या शृंगाराच्या लावणीत बसतं. देवासाठी चांगलं आणि बाजारासाठी कामचलाऊ असा भेद त्यांनी केला नाही.

यावर कुणी म्हणेल, मग काय, काहीही गा आणि देवाला अर्पण म्हणा! नाही, तसं नाही. आजच्या श्लोकातली अट वाचायला हलकी वाटते, पण पाळायला बसलं की घाम फुटतो. जे करतोस ते मला दे म्हटल्यावर, देताना हात आखडेल असं काही करताच येत नाही. खोटं गाणं, कुणाची विटंबना करणारं गाणं, नाच्या पोराला नासवणारी मैफल, हे हातात घेऊन देवापुढे जाऊन बघा. पेशवाईतल्या लावणीच्या दुनियेत तेही होतं, खूप होतं. कलावंतिणींना तिथे माणूस म्हणून किती किंमत होती हे आपण जाणतो. रामजोशी त्या दुनियेत होते म्हणजे त्या सगळ्याच्या शेजारी होते. हे झाकून त्यांना संत करण्यात अर्थ नाही. तीन दिवसांनी आपण तिसाव्या श्लोकावर येऊ, तिथे भगवंत अगदी दुराचारी माणसाबद्दलही जे सांगतात ते वाचताना हे लक्षात ठेवा.

त्याच काळातले पुण्याचे होनाजी घ्या. गवळ्याच्या घरातले, बाळा करंजकर त्यांचा गाणारा जोडीदार, म्हणून होनाजी बाळा. शृंगारिक लावण्यांनी गाजलेला हा शाहीर. आणि पहाटे कृष्णाला उठवायची जी भूपाळी तुमच्या आजीने म्हटली असेल, ती यांची! व्ही. शांतारामांनी १९५१ मध्ये 'अमर भूपाळी' हा चित्रपट काढला तो यांच्यावरच. आजीला जर कुणी सांगितलं असतं की ही तमासगिराची रचना आहे, तर तिने म्हणायचं थांबवलं असतं का? मला नाही वाटत.

रामजोशींवरही चित्रपट निघाला, त्याच्या आधी चार वर्षं, १९४७ मध्ये. 'लोकशाहीर रामजोशी'. शांतारामांच्या राजकमल कलामंदिराचा. जयराम शिलेदार रामजोशी झाले आणि हंसा वाडकर बया. कथा-पटकथा आणि गाणी ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचं. रामजोशींची मूळची एक लावणी, एका सुंदरीच्या रूपाची, या चित्रपटामुळे पुन्हा घराघरांत गेली. सिनेमात दाखवलेलं सगळंच इतिहास नाही, हे वेगळं सांगायला नको, पण बघण्यासारखा आहे. आणि बघताना एक आठवण ठेवा: या चित्रपटासाठी तमाशाची भाषा ज्या लेखणीने लिहिली, त्याच लेखणीतून आठ वर्षांनी, १९५५ च्या रामनवमीपासून, पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं. आठवड्याला एक गाणं, एकूण ५६. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकत असत. सुधीर फडक्यांचा आवाज आणि माडगूळकरांचे शब्द. लावणी लिहिलेल्या हाताने रामकथा कशी लिहिली, असं तेव्हा कुणी विचारलं नाही.

१८१२-१३ च्या सुमारास रामजोशी गेले. पाच-सहा वर्षांत पेशवाईही गेली, आणि तिच्याबरोबर लावणीला बक्षीस देणारे पुष्कळ वाडे ओस पडले. त्यांच्या लावण्या मात्र हस्तलिखितांतून, शाहिरांच्या तोंडून टिकल्या, पुढे छापल्या गेल्या. तिकडे कीर्तनकार मोरोपंतांची आर्या म्हणत राहिले. आजही एखाद्या देवळात नारदीय कीर्तन ऐकायला बसलात आणि बुवांनी उत्तररंगात आर्या घेऊन तिच्यातलं यमक नेमकं समेवर आपटलं, तर मांडीवर ताल धरलेली पुढची रांग बघा. बहुतेकांना रामजोशी हे नाव फक्त लावणीच्या संदर्भात माहीत असतं.

उद्या श्लोक २८. येताना आजचा श्लोक एकदा मोठ्याने म्हणून या.

राम कृष्ण हरी.